नऊशे ग्रॅम जास्त

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तोतारा खाडी रग्बी क्लबचे प्रमुख श्री. रसेल पिकरिंग, आशीर्वाद देण्यासाठी मुद्दाम थांबलेले आदरणीय पाद्री मनुमुआ, व्यासपीठावरील समितीचे सभासद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आदरणीय नोएलीन ट्रेलोरबाई, सभागृहातल्या आज्या, आयाबाया आणि बापमंडळी, तसेच ज्यांच्या माना या क्षणी माझ्याकडे नसून मागच्या टेबलावरच्या पातेल्यांकडे वळलेल्या आहेत ते माझे सर्व खेळाडू, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी किटियोने. दहा वर्षांच्या पोरांचा प्रशिक्षक. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून आलेल्या आणि या क्लबाकडून दोनदा लेखी समज मिळालेल्या माणसाच्या हाती अध्यक्षांनी माइक दिला, हे धाडस त्यांचं. दुसरी समज याच वर्षी मार्चमध्ये मिळाली. आज मी जे बोलणार आहे ते त्या समजेपाशीच येऊन पोहोचतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

एकतीस वर्षं नोएलीनबाईंनी आपल्या पोरांची वजनं केली. मार्चच्या पहिल्या शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत त्यांचा वजनकाटा यायचा आणि पोरं मोज्यांवर, चड्डीवर, कुडकुडत रांगेत उभी राहायची. प्रत्येक वयाचा गट वेगळा आणि त्याला वजनाची मर्यादा. दहा वर्षांच्या गटात साठ किलोपर्यंतची मुलं. त्याच्या वर गेला की तो दोन वर्षं पुढच्या, बारा वर्षांच्या गटात. लहानग्यांची हाडं मोडू नयेत म्हणून केलेला नियम. पण बाईंची एक पद्धत तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? त्यांनी आकडा कधी मोठ्याने उच्चारला नाही. त्या आकडा कागदावर लिहायच्या, कागदाची घडी करायच्या आणि ज्याच्या त्याच्या मुठीत द्यायच्या. माझ्या बापाने एकदा विचारलं, "किती भरला हो आमचा?" तर म्हणाल्या, "ज्याचा आहे त्याला दिलाय. त्याला विचारा."

नऊ वर्षांचा होतो मी तेव्हा. एवढा मोठा देह आणि मुठीत एवढुसा कागद! आमच्या घरी माझ्या अंगाचं कौतुक होतं. टोंगाची पोरं आम्ही. आमच्यात बाळ गुटगुटीत नसलं तर शेजारीण हळूच आईची चौकशी करते. आणि क्लबात त्याच अंगापायी मी वरच्या गटात गेलो. समोर मिसरूड फुटलेली पोरं. त्यांचे विनोद मला कळायचे नाहीत आणि माझ्या बोलण्यावर ती हसायची. तेराव्या वर्षी मी बूट काढून ठेवले. कोणी का म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता ओपेतीकडे येतो. तो बघा, दुसऱ्या रांगेत, ज्याच्यामागे बसलेल्यांना काहीच दिसत नाहीये. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. वय दहा. आमच्यात बहिणीचा मुलगा मामापेक्षा वरचढ. त्याने मामाच्या ताटातलं उचललं तरी मामाने हसायचं. मी चार वर्षं हसतोय आणि बारीक होतोय.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सराव सामन्यात ओपेतीने टोबीला पकडून खाली पाडलं. पकड नियमात होती, पंचांनी शिट्टीही वाजवली नाही. पण टोबीचं वजन सत्तावीस किलो. त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं. तो आवाज मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. ओपेतीने त्या दिवसापासून धावणं सोडलं. म्हणजे पाय हलायचे, पण कोणी जवळ आलं की हा चेंडू देऊन मोकळा, जसा काही चेंडू तापलेला आहे.

टोबीची थोरली बहीण इमोजेन. आज ती समितीची सर्वांत नवी सभासद म्हणून व्यासपीठावर आहे. तिच्याकडे न बघता बोलायचा सराव मी घरी आरशासमोर केलेला आहे, पण आरसा फारसा उपयोगी पडत नाहीये. तेव्हा ती मला म्हणाली होती, "गोड आहे रे तुझा भाचा. मला आवडतो. पण तो माझ्या भावावर पडतो तेव्हा त्याच्या गोडपणाचं वजन कमी होत नाही."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मग भावाला बुद्धिबळाला घाल."

मंडळी, ज्या मुलीसाठी माणूस रोज तीन बसथांबे उगाच पुढे जाऊन उतरतो, तिला असं बोलतात का? बोलतात. मी बोललो. त्यानंतर ती सात महिने माझ्याशी बोलली नाही.

मार्च आला. वजनाच्या चार दिवस आधी ओपेतीचे आजोबा, वडिलांचे वडील, वारले. आमच्यात दुखवट्याला कमरेभोवती चटई बांधतात, ताओव्हाला. नातू म्हणून ओपेतीच्या अंगावर आली ती जुनी, फाटकी, काखेपासून पोटऱ्यांपर्यंतची. दफन होऊन दहा दिवस उलटेपर्यंत ती उतरत नाही. नावनोंदणीचा शेवटचा दिवस तोच शनिवार, म्हणून प्रार्थनेतून उठवून मी त्याला तसाच घेऊन आलो.

"चटई काढ बाळ," नोएलीनबाई म्हणाल्या.

ओपेती जमिनीकडे बघत उभा.

"काढतोस ना? मागे रांग आहे."

त्याने मान हलवली. नाही. मोठ्या माणसापुढे तोंड उघडून कारण सांगायचं नसतं, हे त्याला घरात शिकवलेलं. तो तसाच काट्यावर चढला. बाईंनी आकडा लिहिला, घडी केली, त्याच्या हातात दिली. बासष्ट किलो नऊशे.

मी म्हटलं, "चटईचं वजन वजा करा."

"मी एकतीस वर्षांत काही वजा केलेलं नाही, किटियोने. कोणाचे मोजेही नाहीत."

"त्याचा आजोबा मेलाय!"

"मला फार वाईट वाटतं. पण समोर दिसतं ते मी लिहिते."

इथे मी जे बोललो ते पाद्रीमहाराजांसमोर पुन्हा बोलत नाही. सार एवढंच, की हा काटा गोऱ्यांचा आहे, तो आमची पोरं हाकलायलाच आणलेला आहे आणि यांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. खुर्ची मी लाथ मारून पाडली नव्हती. ती माझ्या पायाला लागून पडली. समजेच्या पत्रात मात्र लाथ असंच लिहिलंय. दारात इमोजेन उभी होती, टोबीचा हात धरून. तिने सगळं पाहिलं.

ओपेती बारा वर्षांच्या गटात गेला. तीन शनिवार. खेळापुरती चटई उतरवायची परवानगी तोवर घरच्या मोठ्यांकडून मिळाली होती, पण नव्या पोरांनी नाव ठेवलंच, 'पायपुसणं'. तिसऱ्या शनिवारी तो घरी आला आणि नारळाच्या दुधातलं, अळूच्या पानात गुंडाळलेलं मांस त्याने ताटात तसंच ठेवलं. आमच्या कुठल्याच घरात आजवर असं घडलेलं नाही. त्याच्या आजीने, माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी, डॉक्टरांना फोन लावला.

मी त्याला विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही, मामा."

अगदी तेच उत्तर, जे मी दिलं असतं, जर मला कोणी विचारलं असतं तर.

त्यानंतरच्या गुरुवारी, दुपारी, बहिणीच्या दारात नोएलीनबाई. काळा पोशाख, कमरेला उसनी चटई, उलट्या बाजूने बांधलेली, आणि काखेत वजनकाटा. चर्चमधल्या बायकांना विचारून, शिकून आल्या होत्या. बहात्तर वर्षांची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, ओपेतीच्या आजीसमोर जमिनीवर बसली. आधी गेलेल्या माणसाबद्दल बोलली. मग म्हणाली, "मला ही चटई काय असते ते ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. आता पुन्हा वजन करू का?"

मी मनात म्हटलं, जिंकलो.

ओपेती काट्यावर चढला. साठ किलो नऊशे.

"नऊशे ग्रॅम?" मी म्हटलं. "बाई, तेवढं तर तो सकाळी संडासात ठेवून येतो!"

"नऊशे ग्रॅम जास्त," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नियमाचं दुसरं पान वाचलंयस का कधी?"

वाचलं नव्हतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की वजन जास्त भरलं तरी घरच्यांनी मागणी केली तर समिती त्या मुलाला त्याच्या वयाच्या मुलांबरोबर खेळताना पाहील आणि ठरवेल. एकतीस वर्षं ते पान तिथे होतं.

"तुमच्या लोकांची त्रेसष्ट मुलं मी वर पाठवली," बाई म्हणाल्या. "एकाच्याही घरून मागणी आली नाही. मला वाटायचं, तुम्हाला चालतंय. अभिमान वाटत असेल पोराचा."

आजी म्हणाली, "आपल्याच पोरासाठी सवलत मागायची? लाज असते, बाई."

 एकीला वाटलं होतं, मागत नाहीत म्हणजे मान्य आहे. दुसरीला वाटलं होतं, मागायचं नसतं. आणि मध्ये त्रेसष्ट पोरं. त्यातला एक मी.

मी हळूच म्हणालो, "मी तर मागितलं होतं. त्या शनिवारी."

"नाही," बाई म्हणाल्या. "तू ओरडला होतास."

अर्ज मी लिहिला. चारदा खोडून. समितीने तारीख दिली. पण ओपेतीसमोर उभं राहायला त्याच्या वयाचं कोणीतरी हवं ना? कुठले आईबाप आपलं पोर पाठवणार? मी कोणाला विचारायच्या आत टोबी माझ्यासमोर येऊन उभा. "मी राहतो."

इमोजेन म्हणाली, "अजिबात नाही."

"हाड माझं आहे, ताई."

तिने माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य, "याला काही झालं ना किटियोने, तर तुला मी बुद्धिबळाला घालीन." शेवटी डॉक्टरांचं पत्र आणि आईची सही, दोन्ही तिनेच आणली.

मंडळी, त्या दिवशी मैदानावर आम्ही वीसेक माणसं होतो.  ओपेती चेंडू घेऊन निघाला आणि टोबीपाशी येऊन नेहमीसारखा मंदावला. टोबीने त्याला सहज पाडलं. बाईंनी हात वर केला. "हे मी मोजणार नाही. ओपेती, तू हळू धावलास तर मी काय लिहू? मला खरं बघायचंय."

टोबी ओरडला, "अरे ये ना! मी काय काचेचा आहे?"

ओपेती मागे गेला. वळला. आणि धावला. मी त्याला जन्मापासून ओळखतो. तरी तो मुलगा मी त्याआधी पाहिलेला नव्हता. पायाखालची माती हादरलेली मला कळत होती. एवढं मोठं शरीर इतकं हलकं होऊ शकतं? समोर तो काडीएवढा पोरगा जागचा हलला नाही. शेवटच्या क्षणी वाकला, दोन्ही घोट्यांना मिठी मारली, गाल त्याच्या पोटरीला चिकटवला, जसं मी शिकवलं होतं आणि स्वतः कधी करायला धजलो नसतो. आणि ओपेती, साठ किलो नऊशे, आडवा झाला.

  इमोजेन दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी. मग गवतातून टोबी उठला, दातांत माती, आणि म्हणाला, "परत."

सोळा वेळा झालं. नऊदा ओपेती निसटला, सातदा पडला. प्रत्येक वेळी आधी उठणारा दुसऱ्याला हात द्यायचा. किती धैर्य कुठे राहतं, याचा अंदाज मला तरी आजवर आलेला नाही.

परवानगी मिळाली. पण त्याच बैठकीत इमोजेन उभी राहिली. "एका टोबीने हो म्हटलं. बाकीच्यांना कोणी विचारलं?" माझं डोकं तापलं, तोंड उघडलं आणि मी ते मिटलं, कारण तिचं बरोबर होतं. तेव्हापासून दर शनिवारी सामन्याआधी समोरच्या संघातल्या प्रत्येक मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारतात, ओपेतीसमोर खेळशील का? नको म्हणाला तर ओपेती त्या मुलासमोर खेळत नाही. लाज नाही, चर्चा नाही. ही पद्धत इमोजेन आणि नोएलीनबाई या दोघींनी मिळून बसवली. इमोजेनला समितीत कोणी घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

नोएलीनबाई, मी तुमच्या काट्याला गोऱ्यांचा काटा म्हणालो होतो. सगळ्यांसमोर म्हणालो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. लहानग्याचं हाड आणि मोठ्याचं मन, दोन्ही एकाच हाताने जपणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तुम्ही कधी अंदाजाने दया केली नाहीत. चुकलात तेव्हा काटा काखेत मारून चालत आलात.

आता एकच काम राहिलं. परवानगी एका हंगामापुरती असते. मार्चमध्ये ओपेती अकरा वर्षांचा होईल आणि त्या गटाचीही मर्यादा ओलांडून सत्तर किलोंच्या पुढे असेल. टोबी असेल तीस. बाई नसतील. समितीतले निम्मे लोक म्हणतात, आता पुरे झालं, आणि त्यांची भीती खोटी नाही. ती मला रोज वाटते. ओपेतीने काल विचारलं, "मामा, पुढच्या वर्षी मी कोणाबरोबर?" 

म्हणून, अध्यक्षमहोदय, हा अर्ज. ओपेतीसाठी पहिला, आणि त्याखाली अकरा घरांचे, ज्यांनी एकतीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. नक्की हो म्हणा असं आम्ही म्हणत नाही. पोरांना खेळताना पाहा, समोरच्यांना विचारा आणि मग ठरवा. आजी, मान खाली घालू नका. वर बघा. आम्ही मागतोय.

बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, नावांचा क्रम चुकला असेल, आवाज चढला असेल, तर तो दोष माझ्या स्वभावाचा, पोटात घाला. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. मोठ्यांकडे काही मागताना त्यांच्यापेक्षा उंच उभं राहायची आमच्यात रीत नाही. तेव्हा हा माइक मी इथे ठेवतो, खाली बसतो, आणि अध्यक्ष कागद हातात घेईपर्यंत बसूनच राहतो.