डालग्याखालचं पिल्लू

गारगोटीच्या एसटीत पुढच्या बाकावरचा माणूस बायकोला धड बोलू देईना, तशी मागं बसलेल्या तानाबाईच्या कपाळावर आठी चढली.

"अवं, कुत्र्याचं पिल्लू पाच म्हयन्यांचं झालं. आज तरी घरात मोकळं सोडायचं हुतं."

"आन् माझी पायताणं कुरतडली म्हंजे?"

"दात येत हुतं तवा. एकदाच की."

"एकदा बास हाय. कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलंय, वर पाटा ठेवलाय. शिकंल."

"काल डालगं उचललं, तर भायेरच येईना. हाका मारल्या, भाकरी दावली. जाग्यावरनं हाललं न्हाय."

"बघ! शिकलं का न्हाय?"

बायकोनं खिडकीकडं तोंड फिरवलं. तानाबाईनं त्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"पावणं, उद्या घरात चोर शिरला, तर भुंकायचं सोडून त्यानं आपल्यावर डालगं झाकायची वाट बघत बसंल तुमचं कुत्रं."