खिंडीतल्या बाईची पकड

ऐका. खिंडीतल्या बाईनं ज्याला धरलं, त्याला अवसेपर्यंत पाणी लावायचं नाही. का, ते विचारायचं नाही. तारामतीला हे लहानपणापासून असंच सांगितलेलं. आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तरी घरी आली की पुन्हा तेच!

तर परवा काय झालं? तिची वहिनी हौसा अंधार पडल्यावर मोळी घेऊन निघाली. वाट एकच, खिंडीतली. मधोमध आली आणि मागून पदर ओढला! वळली. कुणी नाही. पाऊल टाकलं. पुन्हा ओढला! दिसेना, सुचेना. कोयता उपसला आणि मागं सपासप घातला. काहीतरी तुटलं. गळ्यावर, गालावर ओलं ओलं उडालं. पदरानं तोंड पुसलं, मोळी टाकली आणि पळत सुटली बिचारी!

रात्री खाज. सकाळी फोड. आज तर तोंड असं सुजलं, की डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या.

तारामती संध्याकाळी पोचली तेव्हा वहिनी पडवीत विव्हळत होती. आत तान्ही पोर रडत होती.

"बिब्बा उतलाय, आबा. अंधारात फांदी तोडली तिनं, चीक उडालाय. तेव्हाच साबणानं धुवायचं!" तारामती म्हणाली.

रावजीआबा, तिचे चुलत आजोबा, शेकोटीपाशी हसले. "बिब्बा आमाला ठावं न्हाई व्हय गं? ज्यो शिवल त्यालाच उततो. मग तुझ्या आईचे हात बघ की! ती कवा गेली खिंडीत?"

आईनं हात पुढं केले. मनगटापासून कोपरापर्यंत फोडच फोड. म्हणजे बघा हां, बाई घरात शिरली होती!

"आता पोरीवर डोळा हाय तिचा," आबा म्हणाले.

तारामती गोंधळली. फोडातलं पाणी लागून हे पसरत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक. मग आईला कसं झालं? आणि खरं सांगू? येताना खिंडीत तिचीही ओढणी कुणीतरी ओढली होती. हाताच्या अंतरावर झाड नव्हतं. कुणाला सांगायचं हे? तिचं तिलाच कळेना.

आत सोनाकाकू, तिची चुलती, पोरीला घेऊन उभी होती. आढ्याला झोळी आत्ताच बांधलेली. लुगडं हौसाचंच. इथली रीतच तशी, आई आजारी पडली की तिच्या अंगावरचं न धुतलेलं लुगडं झोळीला घ्यायचं. वास ओळखीचा, लेकरू गप झोपतं.

झोळीच्या कडेला काळे डाग होते.

"आई, हे लुगडं कुणी आणलं?"

"मीच की. काल तिच्या अंगावरचं काढलं, हातावर घेऊन आणलं."

काकू वाकली. पोरीचा पाय झोळीला लागणार, तोच तारामती ओरडली, "काकू, थांब! ठेवू नकोस! पदराला बिब्ब्याचा चीक आहे, आईच्या हातांना त्यातूनच लागलाय!"

काकू दचकून मागं सरली. एवढंच अंतर राहिलं होतं बघा, चार बोटांचं!

तारामतीनं हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. लुगडं सोडून बाहेर नेलं. मग साबण आणि गार पाण्याची बादली घेऊन ती वहिनीपाशी बसली.

"अवस व्हायची हाय अजून! पाणी लावू नगंस!"

"लावणार, आबा. आणि मग आईचेही हात धुणार."

तिनं नखांच्या आतून, कानांच्या मागून, सगळं हलक्या हातानं धुतलं. डोळ्यांवर गार ओलं फडकं ठेवलं. हौसा पहिल्यांदाच सैलावली.

मग आबा म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पर आता त्या वाटंला कुनी जायाचं न्हाई. कंदीच न्हाई!"

"उजाडलं की वहिनीला दवाखान्यात न्यायचंय. दुसरी वाट आहे का?"

"बाई हाय तिथं, पोरी."

"असेल. मी नाही म्हणत नाही. पण वहिनीचे डोळे गेले तर ती भरून देणार आहे का? मी त्याच वाटेनं जाणार. बोला, डोली धरायला कोण येतंय?"

आबांनी काकूकडं बघितलं. काकूनं आईकडं. तारामती उठली आणि डोलीसाठी बांबू शोधायला लागली.