सुनंदाताईंची पातेली

मिलिंदचा विषय निघालाच आहे, तर हे ऐका. तेव्हा परदेशात, यिशुन भागात राहणारी आम्ही पाच-सहा कुटुंबं वर्गणी काढून मिलिंदच्या गावातल्या एका गरजू घराला रोख पैसे पाठवायचो, दोन हप्त्यांत. अट कसलीच घालायची नाही, असं ठरलं होतं.

त्या वर्षी ते सुनंदाताईंना गेले. बाई मजुरीवर घर चालवायची. शिलाई मशीन घेईल, हे मिलिंदने मनात धरलेलं. तिने भाड्याने द्यायला मोठाली पातेली घेतली. मिलिंदने माझ्या घरून स्पीकरवर फोन लावला.

"ताई, मशीन का नाही घेतलं?"

"गावात पाच मशिनी आहेत, दादा. पंगतीची भांडी मात्र तालुक्याहून आणतात."

"लग्नं काय रोज असतात?"

"मग कपडे तरी रोज कोण शिवतं?"

बोलणं संपल्यावर मिलिंद मला म्हणाला, "दुसरा हप्ता थांबवू. कशासाठी हवाय ते आधी लिहून घेऊ." बाकीच्यांनी ते मानलं नाही, हप्ता गेला.

पुढच्या वर्षी मिलिंदच्या बहिणीचं लग्न गावात झालं. तो परतल्यावर मी विचारलं, "भांडी कुठून आणलीस?"

"सुनंदाताईंकडून. मजुरी सोडली त्यांनी. आता मंडपही देतात."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कशासाठी हवीत ते आधी लिहून द्या, दादा." मग तो चहा ढवळत म्हणाला, "त्या दिवशी फोन तू बंद केला होतास ना?"

"मला वाटलं, तू केलास."