चिठ्ठी गेली, पुस्तक राहिलं

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या वकीलबाई, विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य, पहिल्या रांगेत रुमाल तयार ठेवून बसलेल्या आमच्या वहिनी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले ध्वनिमुद्रक, आणि दृष्टिहीनांसाठीच्या बोलत्या पुस्तकांच्या या ग्रंथालयावर कान देऊन प्रेम करणाऱ्या माझ्या वाचकांनो,

ग्रंथपाल या नात्याने मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालकांनी आत्ताच घड्याळ दाखवलं. मी ते पाहिलं, याची त्यांनी नोंद घ्यावी.

सत्कारमूर्तींना खऱ्या नावाने हाक मारणारं इथे कोणी आहे का? सगळे त्यांना पुन्हाराव म्हणतात. अध्यक्षसुद्धा, ते समोर नसताना. काचेपलीकडे बसायचं, कानांवर हेडफोन, हात वर आणि एकच शब्द : "पुन्हा." वाचणारा अडखळला, पुन्हा. वाचणाऱ्याच्या पोटात गुरगुरलं, पुन्हा. एका कादंबरीचं शेवटचं पान वाचताना मी एकदा अगदी मनापासून रडले, तर हे काचेआडून म्हणतात, "छान. पण नाकाचा आवाज येतोय. पुन्हा." दुसऱ्यांदा मला रडू आलं ते रागाने, आणि तेही त्यांनी घेतलं नाही. मात्र एकतीस वर्षांत हा माणूस कोणावर चिडलेला मी पाहिलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या पुस्तकांसाठी संगणकावर आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था आणली. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते आणि जुनं हवं तेव्हा परत मिळतं. पण ती मुळात लिखित मजकुरासाठी केलेली. तेरा तासांचं रेकॉर्डिंग दिलं की तिला धाप लागायची. म्हणून तिला एक छोटं साधन जोडायचं ठरलं. ते जड रेकॉर्डिंग वेगळ्या कोठारात ठेवतं आणि त्याच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी ठेवतं. तुमच्या संगणकावर साधन असेल, तर चिठ्ठीच्या बदल्यात रेकॉर्डिंग येतं. नसेल, तर नुसती चिठ्ठी हातात पडते. इस्त्रीवाल्याची पावती असते ना, तसंच. आता लग्नाला कोणी पावती नेसून जात नाही.

मी गेले.

झालं असं, की ते साधन प्रत्येकाने आपापल्या संगणकावर घालायचं होतं. त्यासाठी एक काळी खिडकी उघडायची. तिथे बटण नाही, चित्र नाही, नुसती एक रेघ लुकलुकते आणि आपण आज्ञा टाइप करायची. पुन्हारावांनी दोन ओळी कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवल्या. मी म्हटलं, आम्ही काय काल कामाला लागलोय? कागद कुंडीखाली गेला. जिन्यात त्यांनी विचारलं, "बाई, इन्स्टॉल झालं का?" मी म्हटलं, "केव्हाच झालं."

नव्या पद्धतीने गेलेलं पहिलं पुस्तक कायद्याचं होतं, एक्केचाळीस प्रकरणांचं. मागणी होती आजच्या प्रमुख पाहुण्यांची. तेव्हा त्या वकील नव्हत्या, परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. मी प्रकरणांची नावं मोजली, एक्केचाळीस. मेमरी कार्डावर उतरवायला एरवी अर्धा तास लागतो, त्या दिवशी पापणी लवायच्या आत झालं. मला वाटलं, वा, काय हा नव्या व्यवस्थेचा वेग. कार्ड धाडलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "बाई, पुस्तक बोलत नाही."

मी काचेपलीकडे हाक मारली. पुन्हाराव माझ्या टेबलाशी आले, काळ्या खिडकीत त्यांनी एक ओळ टाइप केली. 'असली आज्ञा मला माहीत नाही' असं उत्तर आलं. त्यांनी ते वाचलं. मग कुंडी उचलली, कागद झटकला, त्यावरच्या दोन्ही ओळी टाइप केल्या आणि माझा चहा निवायच्या आत पुस्तक खाली उतरू लागलं. संध्याकाळी स्वतः कार्ड घेऊन वकीलबाईंच्या घरी गेले. पुढचं आपण जाणताच, त्या इथे पाहुण्या म्हणून बसल्या आहेत.

पण तक्रार मंडळापर्यंत गेली होती. बैठकीत अध्यक्षमहोदयांनी विचारलं, "बाई, तुमच्या संगणकावर ते साधन आहे ना?" मी म्हटलं, "आहे." वाक्य खोटं नव्हतं, आदल्या दिवसापासून होतंच ते. असल्या खरेपणाला काय म्हणतात ते वकीलबाई सांगतील. पुन्हाराव म्हणाले, "सांगण्यात मीच कमी पडलो." आणि त्यांच्या सेवापुस्तिकेत लेखी समज लागली. एकतीस वर्षांतली एकमेव.

मागच्या महिन्यात वहिनींना त्या समजेच्या पत्राची प्रत घरी कपाटात सापडली. त्या मला हळूच विचारत होत्या, "यांचं शेवटी शेवटी काही चुकलं का हो? विचारलं तर नुसते हसतात." मी म्हटलं, "नाही हो." आणि तिथून उठून गेले. मला माझी लाज वाटली.

गेल्या आठवड्यात त्यांचं काम माझ्याकडे आलं, म्हणून नव्या संगणकावर ते साधन मी माझ्या हाताने घातलं. तरी चिठ्ठ्याच आल्या. पुन्हाराव म्हणाले, "बाई, दुसरी ओळ राहिली. पाहुणा घरात घेतलात, त्याची घरच्यांशी ओळख कोण करून देणार?" दुसरी ओळ टाइप केली, आणि पहिल्या प्रकरणाचा आवाज खोलीत घुमला. तेव्हा मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "ठाऊक होतं की. शिवाय त्या बैठकीत 'आहे' म्हणताना तुमचा सूर चढला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? वाचणारा चुकला की थांबायचं, त्याला पाणी द्यायचं आणि पुन्हा घ्यायचं. तुम्ही पाणी प्यायलाच तीन वर्षं लावलीत."

अध्यक्षमहोदय, हा लिफाफा घ्या. यात माझं सहीचं पत्र आहे. ती समज फाडू नका. जुनी नोंद पुसायची नसते, तिच्यावर नवी नोंद चढवायची असते, एवढं मी त्या व्यवस्थेकडून शिकले. माझं पत्र तिच्यावर लावा. वहिनी, यांचं काही चुकलं नव्हतं.

मंडळाने बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, सूत्रसंचालकांनी घड्याळ खिशात घातलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. एक चूक मात्र ओघात झालेली नव्हती, तिची वेगळी क्षमा मागते. साधन माझ्याकडे... नव्हतं. चूक...

काय झालं, पुन्हाराव? हात वर का? आवाज थरथरला? बरं. वहिनी, जरा तो पाण्याचा पेला द्या.

अध्यक्षमहोदय, ते साधन माझ्या संगणकावर नव्हतं. चूक माझी होती.

आता चालेल?

धन्यवाद.