माजिवड्याचा चॅम्पियन

डोंबिवलीत शेअर रिक्षाच्या रांगेत भगवानच्या पुढे दोन म्हातारे उभे होते. भगवानने कान टवकारले.

"केळुसकर, बुद्धिबळात तुम्ही डोंबिवलीचे चॅम्पियन, माजिवड्याचा दळवी ठाण्याचा. मग एकदा खेळत का नाही?"

"तोच टरकतो रे!"

"गेल्या वर्षी तर आलेला तो."

"तेव्हा माझी दाढ दुखत होती."

"त्याच्या आधी?"

"मेव्हण्याचं लग्न होतं. दुसरं."

"आणि आज समोर आला तर?"

"इथेच पट मांडतो, फूटपाथवर!"

भगवान दळवींना ओळखत होता, त्याला राहवलं नाही. "काका, रांगेत शेवटी दळवीच आहेत ना? पट घेऊनच आलेत."

केळुसकर मागे वळूनही न पाहता मित्राला म्हणाले,

"तू बस रिक्षात. मी कोपरला चालत जातो."

"अहो, आता आपलाच नंबर आहे!"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय!"