नळीवरचं नाव

…नाही हो, ती वायर नाही बसायची तिथं, मी बघितलंय घालून — जुन्या कॉम्प्युटरला मागं रुंद तोंड होतं, स्क्रूवालं, या नव्याला कुठलं आलंय ते? — मधली जोडणी आणलीत ना? आणलीत. बरं झालं. हे लेबल छापायचं मशीन बंद पडल्यापासून तक्रारी करून करून जीभ झिजली माझी. लॅबचे साहेब म्हणायचे, लिहा की हातानं, अक्षर सुंदर आहे तुमचं! लिहिलं मग — रक्ताच्या एकेका नळीवर, नाव, आडनाव, वय. आणि तिथंच सगळं… जाऊ दे. खुर्ची घ्या ना ओढून.

येताना बाकावर निळी शाल घेतलेली बाई दिसली? ती माझी ताई. आई गेल्यावर माझ्या वेण्या हिनंच घातल्या — इतक्या घट्ट, की डोळे ताणले जायचे! आता जिना चढताना मध्येच टेकते. म्हणून रक्त तपासलं — मीच काढलं, इथंच — आणि रिपोर्टात आला ब्लड कॅन्सर. मी साहेबांना ठणकावलं, नळी बदललीय, हातानं लिहिलेल्या लेबलांचं काय खरं? पुन्हा रक्त घेऊ, पण मशीन जोडल्यावर. ताईलाही तेच सांगितलं, माझाच घोळ असणार गं. तर रागवायचं सोडून हसायलाच लागली! 'वेंधळी ती वेंधळीच राहिलीस' — असं म्हणून गालगुच्चा घेतला माझा, या वयात. रात्री जेवली पण नीट.

काय, कोरीच लेबलं येतायत? येऊ द्या की. कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर टाकायचा राहिलाय? मग राहू दे ना, दादा. असं करा — वायर मिळाली नाही म्हणून सांगा, पुढच्या आठवड्यात या. नाही? का नाही? — अहो, तेवढेच दिवस हसेल ती!

घोळ झालाच नाही हो. सुट्टी होती त्या दिवशी, लॅब बंद — तिच्यापुरती उघडली होती मी. तिच्यासमोर लेबल लिहिलं, वाचून दाखवलं, लावलं. आख्ख्या दिवसात दुसरी नळीच नव्हती इथं. बदलायला दुसरी नको का? साहेबांना ठाऊक नसेल? असणार. तरी 'घ्या पुन्हा' म्हणाले बिचारे. मीच रोज मनाला सांगते, वेंधळी आहेस तू, वेंधळी आहेस — एकदा तरी असायला हवं होतं हो मी वेंधळं…

आलं? बघू. — हं. तिचंच नाव. किती स्वच्छ छापलंय.

सही कुठं करायची? इथं? झालं. या तुम्ही. नाही, काही नाही झालं मला, या. आणि दार ओढू नका.

ताई, ये गं आत. हो, जोडलं मशीन, आता नाही चूक व्हायची. बस. बाही वर कर.