आडवा ढीग

नाही नाही, ती पेट्रोलची बाटली आधी गाडीत ठेवून या. थांबा, गाडीत नको, गाडी उन्हात आहे. पंपाच्या खोलीत? तिथं मोटर आहे. त्या बाभळीखाली ठेवा, सावलीत, झाकण घट्ट लावून — हसा, निमिष, हसा, कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो तेव्हाही हसायचे लोक. काटेकुटे जाळायला पेट्रोल लागत नाही, धीर लागतो. पेट्रोल ओतलं की त्याची वाफ आधी पेटते, मग ओतणारा पेटतो, ढीग सगळ्यात शेवटी. हां, आता बसा. त्या दगडावर नको, त्याखाली विंचू असतात, इकडे या.

तर सलिलनी धाडलं तुम्हाला. धाडणारच. प्लॉटधारक समितीचे सेक्रेटरी, त्यांना स्वतः यायला लाज वाटत असेल. काय निरोप आहे — आज संध्याकाळपर्यंत ढीग पेटवा, नाहीतर उद्या सकाळी जेसीबी येऊन ढकलून देणार? ओढ्यात. बघा म्हणजे. गेल्या महिन्यात याच लोकांनी ओढा वाचवण्यासाठी टोप्या वाटल्या होत्या. आणि पेटवा म्हणतानाच माझ्या ढिगाच्या धुराचीही काळजी. ती चिमणी दिसते ना महाळुंग्याच्या बाजूला, करड्या धुराची? तिच्याबद्दल कुणी ग्रुपवर मेसेज टाकत नाही. मी मात्र तिचे उपकार मानतो, फुकटात वारा कळतो. धूर आडवा गेला की माझं काम बंद. आत्ता बघा — आडवाच आहे. थोडं थांबू.

तुम्ही आयटीवाले, घाईत असता, तरी ऐका, तुमच्या प्लॉटवरही घाणेरी माजलीच आहे. भोवतीनं गवत खरवडून माती उघडी करायची, ती मी केली. पाण्याचं पिंप भरून ठेवायचं, ते तिकडे आहे. वर तारा नकोत, जवळ गंजी नको. टायर, प्लास्टिक, गाद्या ढिगात घालायच्या नाहीत, लोक नेमकं तेच घालतात. आणि पेटवायच्या आधी काठीनं ढीग चांगला बडवायचा. आत कुणीतरी राहात असतं. मध्यंतरी मुंगसाची मादी होती पिलांसकट, म्हणून एवढे दिवस थांबलो. त्याआधी वारा होता. त्याआधी पलीकडच्या लॉन्सवर लग्न होतं, वऱ्हाडावर धूर गेला असता. होळीला पोरं मागायला आली, काका, लाकडं द्या, वाळलेली आहेत मस्त. हाकललं मी त्यांना. होळीची लाकडं आहेत का ही?

काय म्हणालात — हे असं आडवं का रचलं? तुम्हीही तेच विचारणार, माहीत होतं. अहो, पूर्वेला विजेची तार, पश्चिमेला रस्ता, मधे पट्टाच एवढा अरुंद, गोल ढीग बसणार कसा? म्हणून लांबट, माणसाच्या कमरेइतका उंच. जाड खोडं खाली, मधे हवेला जागा, बारीक फांद्या वर. शास्त्रशुद्ध आहे. दुसरं कसं रचणार? — पण संपूर्ण रचून झाला आणि गावातले चिमाजी आले शेळ्या घेऊन. आपल्या सगळ्या प्लॉटांवर तेच तर मजूर आणतात. ते लांबूनच थांबले. टोपी काढली. म्हणाले, "सायेब, कोण गेलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, मेंदी आहे. ते म्हणाले, मेंदी हाय व्हय, बरं, आणि शेळ्या घेऊन ओढ्याकडून गेले. रोजचा रस्ता सोडून. तेव्हापासून एक मजूर काडीला हात लावत नाही. ते जाऊ दे — ती गावची माणसं. पण आपली? फिरायला येणाऱ्या बायका माझ्या फाटकापाशी आल्या की वळतात. ग्रुपवर ते रोबोट बनवणारे गृहस्थ लिहितात, निगेटिव्ह एनर्जी. कुणाच्या तरी वास्तुतज्ज्ञानं फोटो मागवला. एम. टेक. झालेली माणसं, निमिष.

मोडून पुन्हा गोल रचा? गेलो होतो एकदा मोडायला. वरच्या दोन फांद्या उचलल्या आणि परत ठेवल्या. रचलेलं मोडायचं नसतं — असं सेफ्टीच्या कुठल्या पुस्तकात नाही, पण नसतं.

मेंदी कुणाची म्हणजे? सुमेधाची. माझी बायको. तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हा ती नव्हती, तुम्ही पाहिलेलं नाही तिला. हे सबंध कुंपण तिनं लावलं, इथून त्या खांबापर्यंत. मी म्हणत होतो काटेरी तार लावू, ती म्हणाली, तुला येणाऱ्याला ओरबाडायचंच आहे का? ती गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात कुंपण वाळलं. पाणी देत होतो मी, अगदी वेळेवर. तरी वाळलं.

नाही, घरी नाही गेली, दवाखान्यात. मग आपल्याकडची गॅसदाहिनी. अतिशय व्यवस्थित यंत्रणा, मी बघूनच ठेवली. रूळ, ट्रॉली, दार, सगळ्याला खुणा केलेल्या. तिथला माणूस मला म्हणाला, काका, बटण तुम्ही दाबताय का मी दाबू? आता मी काय म्हणायचं? मी विचारलं, या मशीनचा अधिकृत ऑपरेटर कोण? तो म्हणाला, मीच. म्हटलं, मग तुम्हीच दाबा. बरोबरच आहे ना? अनोळखी मशीनला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही, सबंध कंपनीत भिंतीभिंतीवर मीच लावलेली पाटी होती ती. कितीतरी जणांची बोटं वाचली तिच्यामुळे. त्या माणसानं दाबलं. लाल दिवा गेला, हिरवा लागला. धूरसुद्धा दिसला नाही. आमची सुखदा शेजारीच उभी होती, मुलगी माझी, ती माझ्याकडे बघत होती. पुण्यात असते, फोन करते दर रविवारी, जेवलात का विचारते. त्याबद्दल अजून काही बोललेली नाही.

हे कशावरून निघालं? — सेफ्टीवरून. सेफ्टीचंच सांगतोय मी तुम्हाला. असं बघू नका.

तो जेसीबीवाला पंजा घालणार यात, आणि खालचं वर, वरचं खाली करून ओढ्यात लोटणार. ते मी होऊ देणार नाही. म्हणून आज. चिमणी बघा जरा, माझा चष्मा आत आहे. सरळ? अगदी सरळ वर जातोय? मघापासून?

नाही, लायटर तुमच्याकडेच राहू द्या. काडेपेटी आहे माझ्या खिशात, असते हल्ली. आणि तुम्ही नाही लावायचं, तुम्ही नव्हे. मीच. डोक्याकडून लावायचं असतं — म्हणजे वरच्या टोकाकडून, वाऱ्याच्या बाजूनं — कळलं ना, काय म्हणायचंय ते. राख निवेपर्यंत मी इथेच बसणार आहे, पिंप आहे, फावडं आहे, सगळं आहे. सलिलना सांगा, जेसीबी पाठवू नका. बाकी काही सांगू नका.

निघा तुम्ही आता. हो, आत्ताच. नाही, सोबत नको. गाडी हळू काढा, धूळ उडवू नका. आणि मागे वळून बघायचं नसतं, निमिष. आरशातसुद्धा नाही.